कु

कुताइसी, फेब्रुवारी, सातवी फेरी.
सभागृहात फक्त खिडकीकडचा रेडिएटर तापायचा,
म्हणून जो तो आल्या आल्या आपला पट कुठं पडलाय
ते बघायचा, पत्रिकेतला मंगळ बघावा तसा.
एकविसाव्या पटावर मी एकोणिसाव्या खेळीला हरलो
आणि ऊब सोडवेना, म्हणून शेजारचा डाव बघत बसलो.

पांढऱ्या सोंगट्या एरेक्लेच्या. वय चौदा,
बाहीवर इटालियन अक्षरं असलेलं नवं जाकीट.
काळ्या, त्सिआला क्विरिकाद्झेच्या.
चहाच्या कारखान्यातली निवृत्त हिशेबनीस.
कारखाना तिच्याही आधी निवृत्त झालेला.

त्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं.
तिनं एकच.
फ्रेंच बचाव, जुन्या वळणाचा,
ज्यात आधी जागा द्यायची आणि मग मागायची.
पाचव्या खेळीला त्याचं प्यादं आत घुसलं,
तिचा घोडा मुकाट मागे फिरला,
पुढं दोघांचा एकेक उंट पडला.
तिचा दुसरा तेवढा घरीच, सी-आठवर,
आपल्याच प्याद्यांच्या कुंपणाआड.
पुस्तकं त्याला सरळ वाईट उंट म्हणतात.

इथं उंट नाहीत.
इथं या सोंगटीला कासव म्हणतात. त्यांच्या भाषेत, कु.
मी मनातल्या मनात हसलो. आमचं कु म्हणजे
कुरूप, कुमार्ग, कुबुद्धी,
आणि लग्नपत्रिकेत टिंब दिलं की कुमारी.
त्सिआलाच्या नावाआधी तेच टिंब अजून आहे,
हे पंच गोचा चहा ठेवताना सांगून गेला.
मी विचारलं नव्हतं.

हेही त्यानंच सांगितलं :
जाकीट पाठवणारी आई बारी शहरात
कुणा परक्या म्हातारीला न्हाऊ घालते, भरवते.
गावातल्या निम्म्या बायका तिकडंच.
त्सिआलालाही बहीण दर ईस्टरला बोलावते.
ती म्हणते, बघू.

चाळिसाव्या खेळीपर्यंत वजीर गेले.
हत्ती बी-पट्टीनं बाहेर पडले आणि एकमेकांवर कापले गेले.
तिचे दोन्ही घोडे गेले, त्याचा एक उरला, फुरफुरता.
कासव तिथंच,
दाराशी राहून गेलेल्या एकट्या बुटासारखं.
पोराची पाण्याची बाटली संपली.
तिनं आपली त्याच्याकडं सरकवली,
नजर पटावरून न काढता.

अठ्ठावन्नावी. पटावर पाचच जण :
दोन राजे, घोडा, प्यादं, कासव.
प्याद्याला एफ-पाचवर पाऊल टाकायचंय.
त्यासाठी त्यानं राजा सोबतीला आणला,
वीस खेळ्या घोडा नाचवला,
अडीच घरं, अडीच घरं,
आणि ती नुसती राजाला
इकडून तिकडं, तिकडून इकडं नेत राहिली,
दुधावर डोळा ठेवून भाजी निवडावी तशी.

मधलं कुंपण केव्हाच मोडलं होतं.
सी-आठपासून तिरकी वाट मोकळी पडली होती
आणि मला ती दिसलीच नव्हती.
एरेक्लेला दिसत होती.
पण त्याच्याकडं दुसरं काही उरलं नव्हतं.

प्यादं आलं.
कासव निघालं.
साडेपाच तासांतली त्याची पहिली चाल.
तीन घरं गेलं, प्यादं खाल्लं,
आणि घोड्यानं त्याला खाल्लं.

एकट्या घोड्यानं मात होत नाही.

हात मिळवले. अर्धा, अर्धा.
पोरानं काहीतरी विचारलं, जरा चिडूनच.
गोचानं मला अर्थ सांगितला :
बाहेर का नाही काढलंत याला, इतका वेळ?
ती म्हणाली, काढणारच होते रे.
दरवेळी दुसरंच काही काम निघालं.

मग त्यानं तिच्याच पेनानं निकाल लिहिला,
खाली सही केली
आणि पेन आपल्या खिशात टाकून निघून गेला.
तिनं बघितलं.
हाक नाही मारली.